नवऱ्याचा नंबर आणि रिकामी चौकट

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: "बायको एच-४ वर आलीय, तिला सोशल नंबर नाही, मग टॅक्स रिटर्न कसं भरू?" आमच्या घरी हाच प्रश्न उलटा होता. एच-१बी माझा, एच-४ नवऱ्याचा. तो पुण्यातली मेकॅनिकल इंजिनिअरची नोकरी सोडून जून २०२५ मध्ये इकडे आला. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते आम्ही दोघांनी डायनिंग टेबलावर बसून, फॉर्मच्या सूचना वाचून केलेलं आहे. मी सीए नाही, साधी बीटेक आहे. तुमची केस गुंतागुंतीची असेल तर माणूस गाठा.

आधी मूळ अडचण. एच-४ वर नोकरीची परवानगी नसते, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. ती परवानगी, म्हणजे ईएडी, २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना मिळते. पण त्यासाठी एच-१बीवाल्याची आय-१४० मंजूर झालेली असावी लागते, किंवा सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. नवीन जोडप्यांचं तिथवर काही पोहोचलेलं नसतं. अशांसाठी आयआरएसचा वेगळा नऊ आकडी नंबर आहे, आयटीआयएन. बोलताना सगळे "आयटिन" म्हणतात. तो ९ ने सुरू होतो आणि फक्त टॅक्ससाठी असतो. त्यावर नोकरी करता येत नाही, व्हिसावरही काही परिणाम होत नाही.

आता गंमत बघा. हा नंबर आधी मागून ठेवता येत नाही. जोडीदारासाठी मागायचा तर डब्ल्यू-७ फॉर्मसोबत भरलेलं रिटर्न जोडावं लागतं. आणि रिटर्नमध्ये जोडीदाराच्या नंबराची चौकट असते. म्हणजे रिटर्नला नंबर हवा, नंबरला रिटर्न हवं. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. सुटका एकदम साधी आहे: ती चौकट रिकामी सोडायची. खरंच रिकामी. तसं सूचनांमध्येच लिहिलंय. पण टॅक्सचं सॉफ्टवेअर लाल अक्षरात ओरडतं, मग लोक नऊ वेळा ९ टाइप करतात किंवा "सिंगल" निवडून मोकळे होतात. दोन्ही करू नका. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर आयआरएसच्या लेखी तुम्ही अख्खं वर्ष विवाहित. २८ डिसेंबरचा मुहूर्त असला तरी. लग्न होऊन दोघं एकत्र राहत असाल तर "सिंगल" हा पर्यायच तुमच्यासाठी नाही.

उरतात दोन वाटा, एकत्र रिटर्न किंवा वेगवेगळं. भारतात नवरा-बायको आपापलं रिटर्न भरतात, त्यामुळे आपल्याला वेगळं भरणं नैसर्गिक वाटतं. पण आकडे बघा. एकाचा पगार १,१०,००० डॉलर, दुसऱ्याचं उत्पन्न शून्य. २०२५ च्या दरांनी एकत्र भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आणि फेडरल कर साधारण ८,९४० डॉलर. वेगळं भरलं तर डिडक्शन १५,७५० आणि कर साधारण १५,६५०. फरक ६,७०० डॉलरचा! नंबर नाही म्हणून कंटाळून वेगळं भरणारे एवढे पैसे सोडून देतात.

आमच्यासारखं वर्षाच्या मधेच कुणी आलं असेल तर एक पायरी वाढते. जून ते डिसेंबर तो इथे १८३ दिवसांपेक्षा जास्त होता, म्हणून वर्षाअखेरीला टॅक्सपुरता रहिवासी झाला. पण जानेवारी ते मे नव्हता. अशा वर्षी एकत्र भरायचं तर "आम्हाला दोघांनाही पूर्ण वर्ष रहिवासी धरा" असं एक निवेदन दोघांच्या सह्यांनी जोडावं लागतं. त्याची किंमतही आहे. त्याचा पुण्यातला पाच महिन्यांचा पगार, एफडीचं व्याज, सगळं इथल्या रिटर्नमध्ये आलं. भारतात त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मागता येतं. पण फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून पगाराच्या स्लिपा महिन्यागणिक काढाव्या लागतात. जुन्या कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत काढा. (सासूबाईंनी घाबरून विचारलं होतं, "लॉकरमधलं सोनंपण दाखवायचं का रे?" नाही. लॉकर म्हणजे परदेशी बँक खातं नव्हे.)

खरा पेच पासपोर्टचा. डब्ल्यू-७ सोबत ओळखीचा पुरावा लागतो. पासपोर्ट एकटा पुरतो, पण मूळ पासपोर्ट हवा किंवा तो देणाऱ्या सरकारी कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत. नोटरीची प्रत चालत नाही. बरेच जण मूळ पासपोर्ट पाकिटात घालून टेक्सासमधल्या ऑस्टिनला पोस्टाने पाठवतात. आयआरएस ६० दिवसांत कागद परत करतं म्हणतात. आमच्याकडे तेव्हा नवऱ्याची आजी कराडला दवाखान्यात होती. रोज सकाळी फोन. उद्या निघायची वेळ आली आणि पासपोर्ट ऑस्टिनला असला तर? तो म्हणाला, "सहा हजार डॉलर गेले तर गेले, पासपोर्ट हातातून सोडणार नाही." त्याचं बरोबर होतं, पण पैसे सोडायचीही गरज नव्हती.

दोन मार्ग आहेत. आयआरएसची टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटर्स असतात. त्यातली काही पासपोर्ट समोरासमोर तपासून लगेच परत देतात, फुकट. फोन करून अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि आयटिनचं काम त्या सेंटरला होतं का ते त्याच फोनवर विचारायचं. दुसरा मार्ग म्हणजे सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट, आयआरएसने अधिकार दिलेली माणसं. ते फी घेतात. एजंट भारतातही आहेत, म्हणून जोडीदार अजून तिकडेच असेल तर उपयोगी. आम्ही सेंटरला गेलो. जवळच्याला तारीख नव्हती, दीड तास गाडी चालवून दुसऱ्या गावी गेलो. पासपोर्ट त्याच दिवशी नवऱ्याच्या खिशात परत.

नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा पहिल्या नावाला लागून वडिलांचं नाव येतं. डब्ल्यू-७ वर ते लिहून १०४० वर गाळलं तर दोन वेगळी माणसं दिसतात. हे रिटर्न ई-फाइल होत नाही. छापायचं, दोघांनी पेनाने सही करायची, डब्ल्यू-२ जोडायचा, डब्ल्यू-७ सगळ्यात वर. पत्ता ऑस्टिनचा, नेहमीचा नाही. आणि सही करण्याआधी जोडीदाराला सगळं वाचू द्या. एकत्र रिटर्नमध्ये पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर असते, कमावतं कोणीही असो. आमच्याकडे वर्षभर कुठल्याही अर्जावर त्याचं नाव "डिपेंडंट" म्हणून यायचं. या फॉर्मवर मात्र दोघांच्या सह्या शेजारी शेजारी. त्याने प्रत्येक ओळ वाचली आणि माझी एक बेरीज पुन्हा तपासायला लावली. बरोबर निघाली, पण तपासून घेतली!

नंबर यायला साधारण ७ आठवडे. १५ जानेवारी ते ३० एप्रिलच्या गर्दीत ९ ते ११. तोवर रिफंडही अडकतो, त्याची मनाची तयारी ठेवा. १५ एप्रिलपर्यंत कागद जमत नसतील तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पण ती फक्त रिटर्न भरायला. देणं निघत असेल तर पैसे एप्रिलमध्येच भरायचे. ईएडी येऊ घातलं असेल आणि सोशलचा अर्ज केलेला असेल, तर आयटिन मागूच नका. मुदतवाढ घ्या आणि सोशलची वाट बघा.

ज्यांनी आधीच वेगळं भरलंय त्यांनीही हातपाय गाळू नका. मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत सुधारित रिटर्न भरून एकत्र करता येतं, डब्ल्यू-७ त्यालाच जोडायचा. उलटं मात्र नाही. एकत्र भरलेलं मुदत संपल्यावर वेगळं करता येत नाही.

मंजुरीचं पत्र सीपी ५६५ नावाने पोस्टाने येतं. सीपी ५६६ आलं तर आणखी माहिती हवीय, सीपी ५६७ म्हणजे अर्ज नाकारला. सलग तीन वर्षं फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर आयटिन बाद होतो. पुढे सोशल मिळाला की आयआरएसला पत्र लिहून जुना नंबर त्यात जोडून घ्यायचा.

आमचं पाकीट १२ मार्चला गेलंय, ट्रॅकिंगवर पोहोचल्याची नोंद आहे, पत्र अजून यायचंय. आजी घरी आली, आता काठी घेऊन अंगणात फिरते म्हणे. पुढच्या भागात एफबारबद्दल बोलू, तोवर भारतातल्या सगळ्या खात्यांची यादी करून ठेवा. कॉलेजात असताना उघडलेलं, विसरलेलं खातंसुद्धा.