खुर्चीची किंमत कोण देतो?

(नया नगर, मीरा रोड येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



इथली पुष्कळ माणसे मालासाठी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला जातात. हा क्रॉफर्ड कोण? हा एक इंग्रज अंमलदार. १८६५ साली तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर म्हणून पुण्यास आला. मामलेदारांच्या बदल्या-बढत्या त्याच्या हाती होत्या.

१८८८ साली बोभाटा झाला. या जागांसाठी पैसे चारावे लागतात, असे लोक उघड बोलू लागले. सरकारने चौकशी नेमली. मामलेदारांना अभय दिले, "खरे सांगा, तुम्हाला धक्का लागणार नाही." ते बिचारे बोलले. निकाल काय लागला? लाचेचा आरोप साहेबावर शाबीत झाला नाही! आपल्याच मुलखातल्या लोकांकडून कर्ज घेतले, एवढ्यावरून त्याला काढले. आणि खरे बोलणाऱ्या काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा लोकमान्य टिळक मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले.

आता विचार करा. पैसे भरून खुर्ची घेणारा ते पैसे कोठून काढणार? रयतेकडूनच ना? म्हणजे खुर्चीची किंमत आपणच देतो.

त्याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कचेरीत आणि कोर्टात अडाणी शेतकरी कसा नाडला जातो, हे त्यांनी त्यात दाखवले. आज त्या मंडईला फुल्यांचेच नाव आहे.

आजही लाचेची रूपे तीच. कुठे चहापाणी, कुठे कागदावर वजन. कोर्टात नक्कल हवी, समन्स बजावायचे, तरी कुणाचा तरी हात पुढे येतो. कारणेही तीच. काम मुद्दाम रेंगाळते, नियम आपल्याला ठाऊक नसतो, आणि मध्ये दलाल असतो.

मीही एकदा चुकलो. मुलाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालून दमलेला एक बाप मला विचारायला आला. मी हेडमास्तर. मी म्हटलं, "दे शंभर रुपये आणि मोकळा हो." त्याने मजुरीचे पैसे दिले. त्याच्या मागे रांगेत उभे होते, त्यांचाही दर तोच ठरला. तो दर मी ठरवला, हे मला अजून टोचते.

मग करावे काय? अर्ज दिला, की पोच मागा. पैसे भरले, की पावती मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांचा अर्ज करून माहिती मागता येते. उत्तर साधारण तीस दिवसांत द्यावे लागते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या कामांना मुदत घातली आहे. कोणी लाच मागितली, तर १०६४ या नंबरवर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. २०१८ पासून लाच देणेही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करा, म्हणजे शिक्षा होत नाही. कोर्टाच्या कामी स्त्रियांना, कामगारांना, गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जाऊन विचारा.

मंडळी, काल आपण अंगठा उठवत होतो. कागदावर काय आहे, ते दुसरा सांगेल तेच खरे होते. आज तुम्ही वाचू लागलात. तेव्हा आधी वाचा, मग सही करा.