बिममध्ये पगार किती?

(मेळाव्यातील मार्गदर्शन सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी एका पालकांनी मला बाजूला घेतलं. मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाले, "ताई, तुम्ही बिममध्ये आहात ना? सहा महिन्यांचा कोर्स आहे, दीड लाख फी. नोकरीची हमी देतात, परदेशात मोठा पगार म्हणतात. सोनं गहाण ठेवून भरू का?" उभ्या उभ्या उत्तर देता येईना. म्हणून लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवते आणि तेवढंच सांगते.

आमचे अप्पा गवंडी, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. मला बिममध्ये नोकरी लागली तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी स्लॅबखालच्या बीमचा हिशेब करते. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी ती संगणकात उभी करायची. हे नुसतं चित्र नसतं. प्रत्येक भिंतीची जाडी, पाईपचा व्यास, दरवाजांची संख्या त्यात भरलेली असते. एसीचा डक्ट बीमला कुठे अडतो, ते बांधण्याआधीच दिसतं. त्याला वेळापत्रक जोडलं की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोच्या कामात ही पाच मितींची पद्धत वापरली गेली. ब्रिटनने 2016 पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बिम सक्तीचं केलं. तिकडचं आणि आखातातलं बरंच मॉडेलिंग आपल्या पुण्या-मुंबईत होतं. तेव्हा नोकऱ्या आहेत, हे खरं.

आता पगार. मी 2012 साली मॉडेलर म्हणून महिना 11 हजारांवर लागले. चार वर्षांनी 19 हजार झाले आणि गाडी तिथेच थांबली. कारण सरळ आहे. बाहेरून येणारं हे काम बहुतेक तासाच्या दराने येतं, आणि तेच काम आणखी स्वस्तात करणारं कुणीतरी कायम तयार असतं. दुसऱ्याने दिलेला नकाशा बघून मॉडेल काढणाऱ्याचा पगार त्या दराच्या वर जात नाही. कोऑर्डिनेटरचं तसं नसतं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, प्लंबिंग, एसी या सगळ्यांची मॉडेलं एकत्र ठेवून टक्कर कुठे होते ते तो शोधतो आणि कोणी सरकायचं ते बैठकीत ठरवून घेतो. आमच्या कचेरीत आज नवा मॉडेलर 20-25 हजारांवर लागतो. अनुभवी कोऑर्डिनेटर त्याच्या तिप्पट-चौपट घेतो.

मी चार वर्षं का अडकले, तेही सांगते. एका परदेशी हॉटेलच्या कामात सांडपाण्याचा 15 मीटरचा पाईप मी सपाट काढला. संगणकाच्या तपासणीत एकही टक्कर निघाली नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली. साईटवर प्लंबरने नियमाप्रमाणे मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला. पाईपचं दुसरं टोक 15 सेंटिमीटर खाली आलं आणि थेट डक्टवर बसलं. बसवलेला डक्ट उतरवावा लागला. घरी अप्पांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पाणी उतारानं जातं, हे आमच्या मजुरालाही सांगावं लागत नाही."

ते फार लागलं. पुढच्याच महिन्यात मी मागून घेऊन साईटवर गेले. दीड वर्ष सेंटरिंग, सळई, प्लंबिंग डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर कोऑर्डिनेटर झाले. सॉफ्टवेअर तेच होतं, पगार मात्र वर्षभरात दुपटीच्या वर गेला.

म्हणून त्या पालकांना माझं उत्तर: दादा, सोनं गहाण ठेवू नका. रेव्हिटसारखं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी कंपनीच मोफत देते. मुलाने कॉलेजात असतानाच ते घ्यावं आणि आपलंच घर त्यात उभं करावं. डिप्लोमा झाला की वर्षभर साईटवर काढावं, पगार कमी असला तरी. त्यानंतर कोर्स हवाच असेल, तर नोकरीची हमी लेखी मागा आणि आधीच्या मुलांना भेटून खरा पगार विचारा. आखातात पगारावर आयकर नाही हे खरं, पण अनुभवाशिवाय तिथे चांगली जागा मिळणं अवघड, आणि घरभाडं कोण देणार हे आधी विचारायचं असतं.

आपले चित्रकलेचे सर वस्तुचित्राच्या तासाला आधी तांब्या हातात घ्यायला लावायचे, मग पेन्सिल. तेव्हा आम्ही हसायचो. सर आज समोर बसले आहेत. सर, त्या तासाचा पगार मी अजून घेते आहे.