अब्बांची येझदी

अब्बांनी 1979 साली घेतलेली येझदी ते गेल्यावर अंगणात गंजत होती. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडलेला. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात शोधले. मुलाने कार्ब्युरेटर धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. इथवर आमचं जमलं. मग त्याला हँडल खाली हवं, टाकी काळी हवी! झाकणाभोवती अब्बांच्या अंगठीचे ओरखडे आहेत. मी म्हणालो, "हँडल बदल, टाकी राहू दे." तो घुश्शातच राहिला.

गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला की तीच किक, हे मात्र त्याला मीच दाखवलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. सातव्या किकला फटफट सुरू झाली, निळा धूर पसरला. आतून अम्मीने विचारलं, "आले का?"

टाकीला अजून कुणी हात लावलेला नाही.