आंब्याचे आईकडचे घराणे



‘बाठ्यातून हापूस येणा नाय’ हे मालवण-देवगडच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. कोयीतले रोप आई-बाप दोघांच्या मिलाफातून होते, म्हणून फळ वेगळेच निघते. पण एक वस्तू मात्र त्यात आईकडूनच येते.

झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म कण असतात. साखर जाळून पेशीला शक्ती पुरवणे हे त्यांचे काम. त्यांची स्वतःची थोडी जनुके असतात. बहुतेक पिकांत ती परागातून येत नाहीत. ज्या झाडावर फळ धरले, त्याचीच उतरतात.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची १९८१ सालची ‘रत्ना’ घ्या. नीलम आई, हापूस बाप. पुढे रत्नाच्या मोहोरावर पुन्हा हापूसचा पराग घालून १९९२ साली ‘सिंधू’ आली. म्हणजे सिंधू बारा आणे हापूस. तंतुकणिका मात्र आजीच्या, नीलमच्या घराण्यातल्या.

आता आपली कलमे बघा. सांध्याच्या वर सगळीकडे हापूसची काडी, म्हणजे हजार कलमे असली तरी आईचे घराणे एकच. खाली खुंट रायवळ कोयीचा, तिथे घराणी अनेक.

एकच घराणे असले तर बिघडते काय? अमेरिकेत मक्याचे संकरित बी करताना तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून ‘टेक्सास’ नावाचे एकच मातृघराणे वापरात आले. सुमारे ८५ टक्के मका त्याच घराण्याचा झाला. त्याच्या तंतुकणिकेतल्या ज्या जनुकामुळे पराग वांझ होई, त्याच जनुकामुळे पानावरच्या करप्याचे विष त्याला बाधे. १९७० साली करपा पसरला आणि देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. हापूसवर असे येईलच, असे माझे म्हणणे नाही. पण हाताशी दुसरी घराणी असावीत, आणि ती आपल्या परड्यातल्या जुन्या रायवळात आहेत. लाकडाच्या दोन पैशांसाठी ती तोडतात, हे मला पटत नाही.

तोडणे भागच असेल तर आधी कलम करून ठेवा. नुसती कोय लावलीत तर आईच्या तंतुकणिका मिळतील, चव मिळेलच असे नाही. काडी बांधलीत तर दोन्ही मिळेल. काडी तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेला अशी निवडा. काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, कोय रुजून तांबूस पाने आलेल्या रोपावर पाचर कलम बांधा. खुंटासाठी कोयी ताज्या घ्या, त्या लवकर मरतात. आणि एकाच झाडाच्या न घेता तीन-चार जोमदार, निरोगी रायवळांच्या घ्या.

काडी लांबून आणायची असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळा, त्याच दिवशी बांधा आणि कलमाला झाडाचे नाव लिहून पत्र्याची चिठ्ठी अडकवा.