आईची भाषा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषण देण्याइतकी माझी विद्या नाही. पण वाचनालयातली पुस्तके वाचून आणि मुलीने वाचून दाखवले त्यावरून एका भाषेची हकीकत मला समजली. ती आईच्या भाषेची हकीकत आहे, म्हणून आपणा बायकांपुढे सांगावीशी वाटली.

पोलंड, लिथुएनिया, युक्रेन या मुलखांत शेकडो वर्षे ज्यू लोकांची वस्ती होती. त्यांची घरची बोली यिडिश. वळण जर्मन, त्यात हिब्रू आणि पोलिश-रशियन धर्तीचे शब्द मिसळलेले. लिहायची मात्र हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. तिला ते लोक 'मामे-लोशन' म्हणत, म्हणजे आईची भाषा. हिब्रू ही धर्मग्रंथांची भाषा आणि ती शिकायची मुख्यतः पुरुषांनी. बायकांसाठी प्रार्थनेची पुस्तके यिडिशमध्ये निघत. अंगाई, भांडण, बाजारहाट सारे यिडिशमध्येच.

सगळे ज्यू यिडिश बोलत असे मात्र नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांची भाषा मराठीच. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले, आणि तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. १९४५ पर्यंत हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यू मारले. त्यांतल्या बहुतेकांची बोली यिडिश होती. बोलणारी माणसेच गेली, मग भाषा राहावी कोणाच्या तोंडी?

जे वाचले, ते अमेरिकेला, इस्रायलला, जिथे थारा मिळेल तिथे गेले. त्यांना मुले झाली. गेलेल्या आजी-आजोबांची, काका-मावश्यांची नावे या मुलांना ठेवली. आईबाप आपसांत यिडिश बोलत, पण मुलांशी पुष्कळदा नव्या देशाची भाषा. मुलगा शाळेत परका ठरू नये, हीच काळजी. इस्रायलमध्ये तर हिब्रूचाच आग्रह होता. पण भगिनींनो, मनातले दुःख माणूस आपल्या बोलीतच बोलतो. मुलांना ती बोली येईना, तेव्हा आईबापांचे दुःखही त्यांना अर्धेमुर्धेच कळे.

आर्ट स्पीगलमन यांचेच पाहा. जन्म १९४८ चा, वाढले न्यूयॉर्कमध्ये. आईवडील दोघेही आउश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. आईने आपली हकीकत वह्यांत लिहून ठेवली होती. १९६८ मध्ये ती गेली आणि वडिलांनी दुःखाच्या भरात त्या वह्या जाळून टाकल्या. मग मुलाने वडिलांजवळ बसून त्यांचे बोलणे यंत्रावर टिपून घेतले आणि त्यावरून 'माउस' हे चित्रांचे पुस्तक दोन भागांत केले. वडिलांचे मोडकेतोडके इंग्रजी त्यांनी सुधारले नाही, बोलण्याची ढब तशीच ठेवली. मला हे फार मोलाचे वाटते. शुद्ध केले असते, तर पुस्तकात वडील राहिलेच नसते.

दुसरे ॲरन लान्स्की. १९८० मध्ये हा चोविशीतला विद्यार्थी यिडिश पुस्तके गोळा करू लागला. म्हाताऱ्यांची मुलेनातवंडे ती वाचू शकत नव्हती, म्हणून पुस्तके कचऱ्यात चालली होती. जाणकार म्हणत, सारी मिळून सत्तर हजार असतील. आजवर दहा लाखांहून अधिक जमली. तो पुस्तके न्यायला गेला की म्हातारी माणसे त्याला आधी जेवू घालीत आणि एकेका पुस्तकाची कथा सांगत.

वाचलेल्या लोकांनी आपापल्या गावांची स्मृतिपुस्तकेही काढली. 'यिझकोर' म्हणजे आठवण. गावाचे आठवून काढलेले नकाशे, शाळा, धंदे, आणि शेवटी गेलेल्यांची नावे. आपण हातात घेतली तशी ती स्मरणिकाच म्हणायची. पण पुष्कळांना थडगे नाही, म्हणून त्या पानावरचे नाव हेच त्यांचे थडगे.

आज यिडिश पुरती बुडालेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सनातनी ज्यू घरांत लहान मुले ती बोलतात. इतर घरांतली नातवंडे वर्गात जाऊन शिकतात. परंतु आजीच्या मांडीवर जे फुकट मिळते, ते वर्गात फी भरूनही सगळे मिळत नाही.

कोणी विचारील, जुनी जखम कशाला उकरायची? प्रश्न खरा आहे. कित्येक आईबापांनी मुलांना काही सांगितले नाही, तेही मायेपोटीच. त्यांना दोष देता येणार नाही. माझ्या अल्पमतीला एवढेच वाटते, की खोदून विचारू नये, पण सांगणारे माणूस बोलू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माणूस गेल्यावर विचारायला कोणी उरत नाही.