मागच्या पानावरची सूचना

छत्तीस वर्षें मुलांना शिकविल्यावर एक गोष्ट माझ्या मनांत पक्की बसली आहे. ज्याला एखादी विद्या चांगली येते, त्याला ती सांगतां येतेच असें नाहीं. कारण आपण ती कशी शिकलों हेंच तो विसरलेला असतो. आजचा माझा विषय संगणकाचा आहे. मॅट्रिक झालेल्या म्हाताऱ्यानें त्यांत तोंड घालावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण कारण तसेंच घडलें.

मॅस्टोडॉन नांवाची समाजसंपर्काची एक प्रणाली आहे. जर्मनींतील युजेन रोच्को यांनीं ती इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध केली. तिचा विशेष असा कीं, ज्याला वाटेल त्यानें स्वतःचा सर्व्हर मांडावा, आपल्या मंडळींना तेथें जागा द्यावी, आणि तरीही दुसऱ्यांच्या सर्व्हरवरील लोकांशीं बोलावें. टपाल कचेऱ्या निरनिराळ्या असल्या तरी पत्र पोंचतें, तसेंच हें.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं असा एक सर्व्हर २०२३ सालीं उभा केला. मांडणीचीं पानें ओळीनें वाचलीं, आज्ञा जशाच्या तशा उतरविल्या, यंत्र चालूं झालें, पेढे वांटले. आठ महिन्यांनीं डिस्क बिघडली. डेटाबेसचा बॅकअप होता, म्हणून लिखाण परत मिळालें. परंतु लोकांनीं चढविलेलीं छायाचित्रें डेटाबेसांत नसतात, तीं वेगळ्या फोल्डरांत असतात. त्या फोल्डराची प्रत कोणींच ठेवली नव्हती. त्यांत माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याचा वर्गांत शिकवितांनाचा एकमेव फोटो होता. मूळ प्रत वाळवीनें खाल्लेली. त्याच्या पत्नीनें विचारलें, "गुरुजी, यंत्रांत ठेवलेला कोठें गेला?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

मग शब्दकोश हाताशीं घेऊन मीं ती इंग्रजी मार्गदर्शिका स्वतः वाचून काढली, आणि चकित झालों. सूचना तेथें होती! काय काय जपावें हें महत्त्वाच्या क्रमानें दिलेलें आहे: प्रथम पोस्टग्रेस डेटाबेस, मग गुप्त किल्ल्यांची फाइल, मग लोकांच्या फाइली, शेवटीं रेडिस. रेडिस गेल्यास फारसें बिघडत नाहीं. किल्ल्या गेल्या तर सर्वजण बाहेर फेकले जातात, आणि दुहेरी पडताळणी बंद पडते. सारें स्वच्छ लिहिलें आहे; पण तें पान निराळें. मांडणीचें पान संपलें, यंत्र चाललें, कीं पुढचें पान कोण उलटतो? उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूस प्रश्न छापावा आणि मुलानें सोडविला नाहीं म्हणून त्यालाच रागें भरावें, असा हा प्रकार. सर्व्हरच्या नांवाचेंही तसेंच. एकदां ठरविलेलें नांव मागाहून सुखरूप बदलतां येत नाहीं. हें वाक्य नांव विचारण्यापूर्वी, त्याच जागीं हवें.

त्यानंतर आम्हीं एक प्रयोग केला. बारावींतील एका मुलीस जुन्या संगणकापुढें बसविलें आणि मार्गदर्शिका हातीं दिली. तिला मदत करावयाची नाहीं, ती अडली कीं फक्त टिपून घ्यावयाचें, असें ठरलें. गप्प बसणें हें मास्तराला फार अवघड! ती अकरा ठिकाणीं अडली. पहिलाच प्रश्न असा, कीं ही आज्ञा कोणाच्या नांवानें द्यावयाची? कारण कांहीं आज्ञा रूटनें द्यावयाच्या असतात, कांहीं मॅस्टोडॉन नांवाच्या वेगळ्या यूजरनें. जाणत्याला तें न सांगतां कळतें.

त्या अकरा जागांवरून आम्हीं मराठी पानें लिहिलीं. प्रत्येक आज्ञेबरोबर ती कोणीं द्यावयाची, पडद्यावर काय दिसलें पाहिजे, न दिसल्यास कोठें पाहावें, हें दिलें. बॅकअपचा भाग मांडणीच्या पानांतच घातला. मूळ मार्गदर्शिका सर्वांस खुली असून तींत कोणालाही दुरुस्ती सुचवितां येते. आमच्या दोन सूचना त्या मुलीनें इंग्रजींत लिहून पाठविल्या आहेत. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती जुन्या संगणकावर बॅकअप उतरवून पाहते, आणि एखादें छायाचित्र उघडून मला बोलावते.