आधी जाहिरात दाखव

दर वेळी आपण कर्जाचं, शेळीपालनाचं, पापड-मसाल्याचं बोलतो. आज नोकरीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल बोलणार आहोत. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईनं मासिक बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं, 18,000 रुपये. कशासाठी, तर मुलीच्या नोकरीसाठी. मुलगी बारावी पास, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पाहुण्यांच्या ओळखीतून एक माणूस भेटला होता. म्हणाला, सरकारी दवाखान्यात कंत्राटी भरती आहे, महिना 22,000 पगार. मोबाइलवर जाहिरातीचा कागद आला. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का आणि सही. आधी फॉर्मचे म्हणून 1,100 रुपये घेतले. मग मेडिकलचे 4,500. आणि आता फाइल पुढं सरकवायला 18,000.

बैठकीला आम्ही बाराजणी होतो. एकीनंही म्हटलं नाही, की बाई, ती जाहिरात दाखव बरं. उलट सगळ्यांना आनंदच झाला. आपल्यातल्या एकीची लेक नोकरीला लागतेय, याचा. रजिस्टरात लिहिलं, "मुलीच्या नोकरीसाठी, मंजूर." सह्या झाल्या, अंगठे झाले. समन्वयक म्हणून आम्हीही तिथंच बसलो होतो.

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली, तीही मोबाइलवरच. पोरगी नवा ड्रेस घालून बापाबरोबर एसटीनं बीडला गेली. कार्यालयातल्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हा कागद आमचा नाही. अशी भरती निघालेलीच नाही." त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. एकूण 23,600 रुपये गेले.

पुढच्या दोन बैठकांना ती ताई आली नाही. निरोप यायचा, बरं नाही. हप्ता मात्र शेजारणीच्या हाती वेळेवर यायचा. खरं काय झालं ते आम्हाला सहा आठवड्यांनी कळलं. तेही आम्ही घरी जाऊन बसलो तेव्हा. ती म्हणाली, "लोक हसतील म्हणून सांगितलं नाही." मैत्रिणींनो, पैसे त्या माणसानं नेले, पण हे सहा आठवडे या लाजेनं नेले. आणि ते किती महागात पडले, ते पुढं सांगतोच.

आधी हे बघू, की शहाण्यासुरत्या बाया अशा कशा फसतात. कारण आपल्याकडं नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती मार्च-एप्रिलला परत येतात. घरं कुलूपबंद होतात, लेकरांची शाळा अर्धी राहते. ज्या बाईनं पाचटात पहाटे तीनला उठून मोळ्या बांधल्या आहेत, तिला एकच वाटतं, आपल्या लेकीच्या हातात कोयता नको. ही इच्छा खरी आहे, चांगली आहे. फसवणारा नेमका याच इच्छेला हात घालतो.

दुसरं कारण, जागा कमी आणि मागणारे फार. 2023 मध्ये राज्यात तलाठ्यांची भरती निघाली. जागा होत्या 4,644. अर्ज आले दहा लाखांवर. एवढ्या गर्दीत सरळ मार्गानं आपला नंबर लागणार नाही, असं पोरांना वाटतं. मग कुणी म्हणालं की माझी वर ओळख आहे, तर ते खरं वाटायला लागतं.

आणि तिसरं कारणही मान्य करू. मोठ्या गैरव्यवहाराच्या बातम्या आपण ऐकलेल्या असतात. 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, त्याचे धागे आपल्या बीड-लातूरपर्यंत आले. त्याच वर्षी शिक्षकांच्या टीईटी परीक्षेतला घोटाळा उघड झाला. त्यामुळं लोक म्हणतात, पैसे दिल्याशिवाय होतच नाही. पण पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही. टीईटीच्या प्रकरणात पैसे देऊन पास झालेल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल परीक्षा परिषदेनं 2022 मध्ये रद्द केले. पुढच्या टीईटीला बसायलाही त्यांना बंदी घातली. म्हणजे पैसे गेले आणि मास्तरकीही गेली. पेपरफुटीविरुद्ध केंद्राचा नवा कायदा जून 2024 पासून लागू झाला आहे. तेव्हा "सेटिंग आहे" म्हणणारा खोटा असला तर पैसे बुडतात, आणि खरा असला तर लेकरू गुन्ह्यात अडकतं. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

आता फसवणुकीचे प्रकार ऐका. कोणता आपल्या दारात आलाय, ते आठवून बघा.

पहिला, सरकारी भरतीचा खोटा कागद. तो आत्ता सांगितला.

दुसरा, घरबसल्या पॅकिंगचं काम. "घरी बसून नटराज पेन्सिल भरा, महिना 30,000 कमवा," असा मेसेज पुष्कळजणींच्या मोबाइलवर आला असेल. नाव ओळखीचं, आपल्या लेकरांच्या दप्तरातलं. आधी थोडे पैसे नोंदणीचे, मग ओळखपत्राचे, मग माल येणाऱ्या गाडीचे. गाडी काही येत नाही. पेन्सिल बनवणारी कंपनी असं घरी पॅकिंगचं काम देतच नाही. तिचं फक्त नाव वापरलेलं असतं.

तिसरा, मोबाइलवरच्या "टास्क"चा. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला चांगला शेरा द्या, पैसे मिळवा. पहिल्या दिवशी खरंच दीडशे-दोनशे रुपये खात्यात येतात. ते आमिष असतं. मग म्हणतात, मोठ्या कामासाठी आधी पाच हजार भरा. ते काढायचे तर आणखी दहा भरा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं अशा कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावानं फसवणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. पण एक बंद झाली की दुसरी निघते.

चौथा प्रकार सगळ्यात वाईट, आणि तो खास आपल्यासारख्यांना गाठतो. "तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त तुमचं बँक खातं आणि एटीएम कार्ड वापरायला द्या, महिन्याला पैसे देऊ." बाया म्हणतात, खात्यात तर काहीच नाही, जाणार काय? त्या खात्यावरून दुसऱ्यांच्या लुटीचा पैसा फिरवतात. पोलीस माग काढत येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. तेव्हा पासबुक, एटीएम, सिमकार्ड आणि ओटीपी कुणाच्याही हाती द्यायचं नाही, अगदी नात्यातल्या माणसाच्याही.

आणि पाचवा प्रकार मोबाइलच्याही आधीपासूनचा आहे. मुकादमाची उचल. तीही एक भरतीच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेताना अंगठा नवऱ्याचा, काम दोघांचं. कारखाना कोणता, अंतर किती, टनाला दर काय, हे तोंडी सांगतात. कोऱ्या स्टँपवर नाहीतर कोऱ्या चेकवर सही घेतात. तिकडं गेल्यावर हिशोब वेगळाच निघतो, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा तिथंच. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा निर्णय झाला. आपल्या हिशोबात ती वाढ आली का, हे विचारायचा बाईलाही हक्क आहे. आणि उचल फिटेपर्यंत माणसाला डांबून ठेवणं, दुसरीकडं जाऊ न देणं, हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. उचलीची रक्कम आपल्या वहीत तारखेसह लिहा, मुकादमाची सही घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

मग खरी नोकरी ओळखायची कशी? आम्ही गटात पाच प्रश्न ठरवले आहेत. लेकीला सांगून वहीत लिहून घ्या.

एक, जाहिरात कुठं आली? सरकारी भरतीला जाहिरात क्रमांक असतो, तारीख असते, आणि ती खात्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर असते. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असतं. आपल्या जिल्ह्याची आहे बीड डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाइलवर कुणी पाठवलेला कागद म्हणजे जाहिरात नव्हे.

दोन, पैसे कुणाच्या नावावर जाणार? सरकारी परीक्षेला शुल्क असतं. त्या तलाठी भरतीला ते 1,000 रुपये होतं, राखीव प्रवर्गाला 900. पण ते अर्ज भरतानाच वेबसाइटवर भरायचं असतं. कुणा माणसाच्या फोनपेवर सरकार फी घेत नाही. आणि खासगी कंपनीची खरी नोकरी असेल तर ती कामाला घ्यायच्या आधी ड्रेसचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपचे पैसे मागत नाही.

तीन, निवड कशी होणार? परीक्षा नाही, मुलाखत नाही, गुणांची यादी नाही, मग निवडलं कशावरून? अंगणवाडी सेविकेच्या भरतीचंच घ्या. तिथं बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी असावं लागतं, गुणांवरून यादी लागते. ती यादी बघायला मागा. "मॅडमना सांगून ठेवतो" म्हणणाऱ्याला तुमच्या गुणांत एकाचीही भर घालता येत नाही.

चार, एवढी घाई कशाला? "आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर दुसऱ्याला जागा देतो," असं म्हणाला की तिथंच थांबा. खऱ्या भरतीची शेवटची तारीख जाहिरातीत छापलेली असते.

पाच, "कुणाला सांगू नका" असं म्हणाला का? म्हणाला असेल तर पहिल्यांदा गटाला सांगा.

हे सगळं करूनही कुणी फसलं, तर काय? तर त्याच घडीला 1930 या नंबरवर फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायच्या आत तक्रार पोहोचली, तर ते बँकेत अडवून धरता येतात. इथं तास-दोन तासांना किंमत आहे. त्या ताईचे सहा आठवडे गेले होते. आम्ही तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, तक्रार दिली, पण पैसे आजवर परत आले नाहीत. खोटं कशाला सांगायचं.

तक्रारीला जाताना पैसे पाठवल्याच्या पावत्या, मेसेज, फोन नंबर जपून न्या. रागाच्या भरात काही पुसून टाकू नका. अशा फसवणुकीला नव्या भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे, ज्याला आपण इतकी वर्षं चारशेवीस म्हणत आलो. वकिलाची गरज पडली तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. आणि लेकीचं नाव नोंदवायचंच असेल तर राज्य सरकारच्या महास्वयम वेबसाइटवर नोंदवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता शेवटी, त्या गटाचं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या बैठकीला ती ताई आली. आम्ही तिला हाताला धरून आणलं होतं. तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "बारा अंगठे आपले, मग चूक तिची एकटीची कशी?" त्या दिवशी ठराव झाला. तिच्या 18,000 वरचं व्याज माफ, मुद्दल महिना 500 रुपयांनी फेडायचं. दुसरा ठराव असा, की नोकरीसाठी कर्ज मागितलं तर आधी जाहिरात दाखवायची. गटातल्या शिकलेल्या दोन पोरी ती वेबसाइटवर तपासतील, मगच कर्ज. आणि त्या दोन पोरींमधली एक म्हणजे त्याच ताईची लेक आहे.

तिनं आतापर्यंत चार कागद तपासले. तीन खोटे निघाले. चौथा खरा होता, त्याचा अर्ज तिनं स्वतःच बसून भरून दिला. तिला स्वतःला अजून नोकरी लागलेली नाही. अभ्यास चालू आहे.

तुमच्या गटातही असा ठराव घ्या. आणि तुमच्यातली एखादी दोन बैठका आली नसेल, तर हा कार्यक्रम संपल्यावर तिच्या घरी जाऊन या. हप्त्याचं विचारू नका, तिची खुशाली विचारा.